शिशाचा मोर

मायोलिका या एका नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी खपतात. इटलीची जुनी मायोलिका म्हणजे कथिलाच्या पांढऱ्या झिलईवरचे चित्रकाम. इंग्लंडातली वेगळी. तिथे एकदा भाजलेल्या मूर्तीवर शिशाची रंगीत झिलई चढवून ती पुन्हा भाजत. मिंटन कारखान्यात लेआँ आर्नू या फ्रेंच तज्ज्ञाने ही रीत बसवली आणि १८५१ च्या लंडन प्रदर्शनात ती लोकांपुढे आली.

याच कारखान्यासाठी पॉल कोमोलेरा या फ्रेंच शिल्पकाराने १८७३ च्या सुमारास सुमारे दीड मीटर उंचीचा मोर घडवला. साच्यातून निघालेल्या मोरांपैकी एक मेलबर्नच्या प्रदर्शनासाठी निघाला. १ जून १८७८ रोजी त्याचे जहाज, 'लॉक आर्ड', ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ फुटले. ५४ जणांपैकी दोघे वाचले. मोर पेटीसकट किनाऱ्याला लागला, जवळजवळ अभंग! आज तो वॉर्नाम्बूलच्या संग्रहालयात आहे.

कोमोलेराचे नाव टिकले. पिसापिसावर झिलई भरणारे मात्र निनावीच राहिले, आणि मला तेच खरे मूर्तिकार वाटतात. ते शिसे बोटांतून, श्वासातून अंगात भिने. मनगटे लुळी पडत, दृष्टी जाई, बायकांचे गर्भ पडत. १८९० च्या दशकात सरकारी चौकशी झाली, तोवर मायोलिकाची हौस ओसरू लागली होती.