खोपटची सावली, खोपटचा पाऊस

दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, हे आपण सगळ्यांनीच लहानपणी घोकलेलं असतं. ठाण्यात खोपटच्या एखाद्या शाळेच्या गच्चीवर एक मीटरची काठी उभी केली, की हे वाक्य दोनदा खोटं ठरतं. एक तर घड्याळाच्या बाराला मध्यान्ह होत नाही. आणि वर्षातले दोन दिवस सोडले तर सूर्य इथे अगदी माथ्यावर येतच नाही.

करायला सोपा प्रयोग आहे. काठी सरळ उभी आहे का, ते गवंड्याच्या ओळंब्याने तपासायचं. बारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची. खुणा आधी काठीच्या जवळ येतात, मग लांब जाऊ लागतात. सगळ्यात आखूड सावली पडते ती खरी मध्यान्ह, आणि तिची रेघ म्हणजे नेमकी दक्षिणोत्तर दिशा.

आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. ठाणे ७३ अंशांजवळ. साडेनऊ अंशांचा फरक, दर अंशाला चार मिनिटं, म्हणून आपली मध्यान्ह सरासरी ३८ मिनिटं उशिरा. पृथ्वीचा अक्ष कललेला आणि कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने तीही मागेपुढे होते: नोव्हेंबरच्या सुरुवातीला साधारण १२.२२, फेब्रुवारीच्या मध्याला १२.५२.

सावलीची लांबी त्याहून बोलकी. २२ डिसेंबरला ती ९२ सेंटिमीटर भरते, २१ मार्चला ३५, एप्रिलच्या मध्याला जेमतेम १७. २१ जूनला उरते सात सेंटिमीटर, पण तीही उलट्या बाजूला, दक्षिणेकडे! ठाणे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि सूर्य साडेतेवीस अंशांपर्यंत उत्तरेला जातो. जाताना आणि परतताना तो आपल्या माथ्यावरून जातो, १६ मे आणि २७ जुलैच्या सुमारास. हेच ते शून्य सावलीचे दिवस.

पंचाईत अशी, की मे महिन्यात शाळेला सुट्टी आणि जुलैत आभाळ भरलेलं. पण म्हणून काही अडत नाही. जानेवारी ते एप्रिलच्या नोंदींचा आलेख काढला, तर सावली शून्याला कधी टेकेल हे मुलांना सुट्टी लागण्याआधीच सांगता येतं. १६ मेला ज्याने त्याने आपल्या सोसायटीच्या गच्चीवर जाऊन ते पडताळावं.

पुढची पायरी अहमदाबादची. ते जवळपास आपल्याच रेखांशावर, सरळ रेषेत सुमारे सव्वाचारशे किलोमीटर उत्तरेला आहे. २१ मार्चला तिथे त्याच काठीची सावली साडेबेचाळीस सेंटिमीटर पडते. दोन्ही सावल्यांवरून सूर्यकिरणांचे कोन काढले, की फरक येतो ३.८ अंश. ३.८ अंशांना सव्वाचारशे, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक मांडलं, की चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास पृथ्वीचा परीघ हाती येतो. दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसने हीच युक्ती वापरली होती.

पावसाळ्यात काठी भिंतीला टेकवून ठेवायची आणि पर्जन्यमापक बाहेर काढायचा. सरळ कडांची प्लॅस्टिकची बाटली वरून कापून तोंडाचा भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा. तळाचा खोलगट भाग खडे आणि पाण्याने भरून घ्यायचा आणि तिथे शून्याची रेघ मारायची. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला नोंद. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी.

पण शाळेशाळेत पाऊस मोजून इतक्या जवळजवळच्या ठिकाणांच्या नोंदी हव्यात कशाला? २७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात अवघा ७३. शहर एकच, पण एका वेधशाळेचा आकडा दुसऱ्या टोकाला लागू पडला नाही. खोपटचा पाऊस खोपटलाच मोजावा लागतो. कल्याणचा कल्याणला, डोंबिवलीचा डोंबिवलीला.

मुंबईतल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने करून शिकण्याच्या पद्धतीवर १९७४ पासून काम केलं आहे. शाळांना सुरुवात करायला फार काही लागत नाही: काठी, बाटली आणि एक वही. वहीत तारीख, वेळ आणि आकडा लिहायचा. सूर्य दिसलाच नाही, तर 'ढगाळ' एवढंच लिहायचं. पुस्तकातून हिशेब करून सावली भरायची नाही.