विळ्याचे दोन भाव

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकन जोडीने तो १९७४ साली बाजारात आणला. पुढे नियम वाढत गेले, तसा शस्त्रांचा तक्ताही भरत गेला. त्यातला सगळ्यात मजेदार तक्ता २००३च्या आवृत्तीतला, म्हणजे खेळाडू जिला ‘थ्री पॉइंट फाइव्ह’ म्हणतात तिच्यातला.

इथे शस्त्रांचे तीन वर्ग आहेत: साधी, लढवय्यांची आणि ‘एक्झॉटिक’. या तिसऱ्या वर्गातलं शस्त्र न शिकता उचललं, तर वीसबाजूंच्या फाशावर पडलेल्या आकड्यातून चार वजा होतात. शिकायचं तर मोजक्याच मिळणाऱ्या ‘फीट’पैकी, म्हणजे खास कौशल्यांपैकी, एक त्यावर खर्ची घालावी लागते. काही शस्त्रांचं शिक्षण मंकला, म्हणजे मठात युद्धकला शिकलेल्या पात्राला, आयतंच मिळतं.

ओकिनावाचा ‘कामा’ याच वर्गात आहे. कामा म्हणजे गवत, भात कापायचा विळा. तक्त्यात त्याचं वजन दोन पौंड, इजा सहाबाजूंच्या फाशाइतकी, आणि शत्रूला पाय अडकवून पाडायची सोय. आता त्याच तक्त्यात ‘साध्या’ शस्त्रांकडे या. तिथे युरोपी शेतकऱ्याचा विळा आहे. वजन दोन पौंड, इजा तीच, पाडायची सोयही तीच. फरक दोनच: हा जवळजवळ कुणीही चालवावा, आणि याची किंमत सहा सोन्याची नाणी, तर कामाची दोन. परका विळा अवघड, वर स्वस्त! ‘एक्झॉटिक’ वर्गात एका हाताने पेलायची युरोपी ‘बास्टर्ड’ तलवारही आहे, तेव्हा सगळाच दोष पूर्वेकडे बघण्याच्या नजरेला देता येत नाही. पण विळ्याच्या बाबतीत दुसरं कारण मला तरी सापडत नाही.

आपली कट्यार मात्र ‘पंचिंग डॅगर’ या नावाने चक्क साध्या शस्त्रांत बसली आहे, आणि तिचे आकडे ज्याने लिहिले त्याला दाद द्यावीशी वाटते. किंमत आणि इजा खंजिराइतकीच. पण खंजिराचा वर्मी घाव एकोणीस किंवा वीसवर लागतो आणि इजा दुप्पट करतो. कट्यारीचा फक्त वीसवर, पण तिप्पट. खऱ्या कट्यारीत मूठ आडवी असते, पातं मनगटाच्या रेषेत पुढे निघतं, त्यामुळे ठोशामागे अख्ख्या खांद्याचा जोर येतो. अनेक कट्यारींचं टोक मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, चिलखताच्या कड्या फोडायला. हे सगळं त्या ‘तिप्पट’मध्ये आलं. व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांना इतकं जमलं नाही. २००१मध्ये ‘डायब्लो २’च्या विस्तारात कट्यार मारेकरणीच्या नखांच्या रांगेत जाऊन बसली. कोरियाच्या ‘रॅग्नारॉक ऑनलाइन’मध्ये तर ती दोन्ही हात अडवते, वर्मी घावाची शक्यता मात्र तिथेही दुप्पट!

२०१४च्या पाचव्या आवृत्तीने ‘एक्झॉटिक’ हा वर्गच मोडीत काढला. मंकला सांगितलं, विळ्याचेच आकडे वापर आणि हवं तर त्याला कामा म्हण. त्या साफसफाईत कट्यारही मुख्य तक्त्यातून गेली.

दांडपट्टा २००३च्या मुख्य तक्त्यातही नव्हता. मर्दानी खेळात आजही फिरणारं आणि २०२४मध्ये महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झालेलं हे पातं कुणाला त्या जुन्या नियमांत हवंच असेल, तर जुळवाजुळव करता येते. लांब तलवार पंधरा नाण्यांची, आणि शस्त्र हाताला जखडून ठेवणारा लोखंडी पंजा आठ नाण्यांचा. तेवीस नाण्यांत काम होतं. शत्रूने हातातलं शस्त्र उडवायचा प्रयत्न केला, तर या पंजामुळे दहाची भर मिळते; पण तो हात दुसऱ्या कशालाच वापरता येत नाही, आणि पट्टेकऱ्यालाही नेमकी हीच अडचण असते.