नवशिक्याची जुनी फटफटी

फटफटी हा शब्द आतां घरांतील वडील माणसांच्याच तोंडीं राहिला आहे. वाहन मात्र घरोघर झालें आहे. जें पुणें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई, तेथें आज मुलगा अगर मुलगी कॉलेजांत जाऊं लागली कीं जेवणाच्या पानावर दुचाकीचा विषय निघतोच. नवी गाडी घ्यावी तर पैसा फार, आणि शिकतांना ती एकदां तरी पडणार हें ठरलेलें. तेव्हां एखादी जुनी, स्वस्त मोटार-सायकल पाहावी असा बेत होतो. बेत शहाणपणाचा आहे. परंतु जुनी गाडी निवडतांना ज्या गोष्टी शेवटीं पाहावयाच्या त्याच बहुतेक लोक आधीं पाहतात, आणि आधीं पाहावयाच्या त्या पुष्कळदां पाहावयाच्या राहूनच जातात.

जुन्या गाडींतील दोष तीन जातींचे असतात. एक खिशाला लागतो, दुसरा हाडांना लागतो, आणि तिसरा कोर्टाच्या पायरीपर्यंत नेतो. इंजिन थोडें ऑइल पितें, सायलेन्सर गंजला आहे, सीट फाटली आहे, टाकीला पोचा आला आहे, हे सारे खिशाचे दोष. ब्रेक, टायर, हँडल आणि सांगाडा यांतील दोष हाडांचे. कागदपत्रांतील दोष तिसऱ्या जातीचे. स्वस्त गाडी घेणारानें पहिल्या जातीचे दोष खुशाल पत्करावे. किंबहुना ते असतात म्हणूनच गाडी स्वस्त मिळते. दुसऱ्या जातीचे दोष दुरुस्त होण्याजोगे असतील तर त्यांचा खर्च किंमतींतून वजा करावा. तिसऱ्या जातीचा एक जरी दोष आढळला, तरी गाडी फुकट मिळत असली तरी सोडून द्यावी. व्यवहारांत मात्र उलट घडतें. घासाघीस होते ती टाकीवरील पोच्याबद्दल, आणि आर. सी. बुकावर नांव कोणाचें आहे हें पैसे दिल्यावर, घरीं येऊन, चहा घेतां घेतां वाचलें जातें.

गाडी पाहण्यास निघण्यापूर्वीं ती कोणत्या प्रकारची हवी हें ठरलें पाहिजे. आणि येथें तरुणाचें मन व त्याचे पाय यांचें एकमत होत नाहीं. मन बुलेटकडे धांवतें. अलीकडच्या बुलेटचें वजन १८० किलोच्या वर भरतें. उलट १९९४ सालापासून रस्त्यावर असलेल्या स्प्लेंडरचें सुमारें ११२ किलो. नवशिक्या भरधांव वेगांत क्वचित् पडतो. तो पडतो तो फाटकांतून गाडी वळवितांना, चढावर सिग्नलला उभा असतां, किंवा कोपऱ्यावरच्या वाळूंत पाय घसरून. अशा वेळीं कलंडूं लागलेली गाडी पायानें सांवरते कीं अंगावर येते, हें या वजनावर ठरतें. म्हणून सीटवर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकतात ना, मधल्या स्टँडवर गाडी एकट्यानें चढवितां-उतरवितां येते ना, आणि इंजिन बंद ठेवून ती बोळांत ढकलीत वळवितां येते ना, एवढी परीक्षा विकणाराच्या अंगणांतच करून घ्यावी. तिला पेट्रोल लागत नाहीं.

दुसरा मोह यामाहाच्या आर. एक्स. १०० या गाडीचा. ही टू-स्ट्रोक गाडी आपल्याकडे १९८५ पासून १९९६ पर्यंत निघत होती. आतां ती शौकिनांचा माल झाली आहे आणि तिचे भाव तिच्या वयाप्रमाणें उतरण्याऐवजीं चढले आहेत. तिचा आवाज ज्याला प्रिय असेल त्यानें ती अवश्य घ्यावी; पण हात बसल्यावर, दुसरी गाडी म्हणून. शिकण्यासाठीं १०० ते १२५ घन सेंटिमीटरची साधी फोर-स्ट्रोक गाडीच बरी. स्प्लेंडर, पॅशन, प्लॅटिना, शाइन या गाड्यांचा सुटा भाग नाना पेठेंत हटकून मिळतो, आणि कोणत्याहि गल्लींतला मेकॅनिक डोळे मिटून त्या खोलतो व जोडतो. बटनानें सुरू होणारी मिळाली तर अधिक चांगलें. नवशिक्याचें इंजिन भर चौकांत बंद पडतेंच, आणि मागें हॉर्न वाजत असतां किक मारणें हें त्याच्या धीराचें काम नव्हे. गिअरचीहि एक बारीक गोष्ट आहे. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत सारे गिअर चवड्यानें पुढें दाबून चढतात. इतर पुष्कळ गाड्यांत पहिला खालीं दाबून व बाकीचे वर उचलून पडतात. ज्या मित्राच्या गाडीवर पहिले धडे घ्यावयाचे, तिची आणि विकत घ्यावयाच्या गाडीची पद्धत एकच असावी. नाहीं तर ऐन गर्दींत पाय चुकतो.

आतां कागद. आर. सी. बुक आतां बुक राहिलें नसून खिशांत मावणारें एक कार्ड झालें आहे, पण नांव जुनेंच चाललें आहे. त्यावर सांगाड्याचा व इंजिनाचा असे दोन क्रमांक असतात. सांगाड्याचा क्रमांक बहुतेक गाड्यांत हँडलच्या मानेजवळ आणि इंजिनाचा त्याच्या पेटीवर ठोकलेला असतो. फडकें घेऊन तेथील मळ पुसावा आणि एकेक अक्षर कार्डाशीं ताडून पाहावें. आंकडे घासलेले, वांकडेतिकडे अगर ताज्या रंगानें झाकलेले दिसले तर नमस्कार करून निघावें. चोरीची गाडी पोलिसांनीं ओळखली म्हणजे ती जाते, आणि तिच्यासाठीं दिलेले पैसेहि जातात. गाडीचा क्रमांक सरकारच्या ‘एम-परिवहन’ या ॲपवर घातला असतां नोंदणीची तारीख, विम्याची मुदत इत्यादि बाबी घरबसल्या कळतात. चलनें थकलीं आहेत काय हेंहि त्याच बैठकींत पाहून घ्यावें. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर तिच्यावर बँकेचा बोजा असतो. हप्ते फिटले एवढें तोंडी उत्तर पुरेसें नव्हे. बँकेचें ना-हरकत पत्र व नमुना ३५ हातीं पाहिजे. गाडी दुसऱ्या जिल्ह्यांतील अगर परराज्यांतील असेल तर तेथील आर. टी. ओ. चें ना-हरकत पत्र लागतें. परराज्याची असल्यास येथला करहि भरावा लागतो, आणि स्वस्ताई तेथेंच संपते. नोंदणी १५ वर्षांची असते. चौदा वर्षांची गाडी स्वस्त कां, याचें उत्तर पुष्कळदां एवढेंच असतें, कीं पुढच्या वर्षीं तपासणी, फेरनोंदणी व पर्यावरण कर यांचा खर्च नव्या मालकाच्या माथीं यावयाचा असतो.

परंतु सर्वांत घातक प्रघात तो कोऱ्या सहीचा. विकणारा नमुना २९ व ३० या फॉर्मांवर, बाजारांत ज्यांस टी. टी. फॉर्म म्हणतात त्यांवर, सह्या करून देतो. घेणाराचें नांव मोकळें राहतें. गाडी एका हातून दुसऱ्या, दुसऱ्यांतून तिसऱ्या हातीं जाते आणि आर. सी. वर पहिलेंच नांव वर्षानुवर्षें नांदतें. उत्तरेकडील एका मोटारीची गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. नोंदणीच्या मालकाच्या म्हणण्याप्रमाणें ती त्यानें २००७ सालीं विकली होती. त्यानंतर ती आणखी हातांतून फिरली. २००९ सालीं तिच्यामुळें अपघात झाला. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं निर्णय दिला तो असा, कीं नोंदणी ज्याच्या नांवावर तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. ज्या गृहस्थानें गाडी विकून ती मनांतूनहि काढून टाकली होती, त्याच्या दारीं ती अशी परत आली. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं आपली जुनी स्कूटर कोणास दिली असेल, त्यांनीं तिचें नांव बदललें काय, हें एकवार तपासून पाहावें.

घेणाराला वाटतें, हा धाक विकणाराचा. आपलें काय जातें? जातें तें असें. गाडी त्याच्या नांवावर नसतांना चोरीस गेली तर विमा कंपनीकडे मागणी करण्यास तो उभाच राहूं शकत नाहीं. मालक-चालकासाठीं जो अपघात-विमा असतो तो नोंदलेल्या मालकाचा, त्याचा नव्हे. आणि पुढें-मागें गाडी विकावयाची झाली तर मूळ मालक शोधीत फिरावें लागतें. तो मुंबईस बदलून गेला, वारला, अगर त्याची सही जुळत नाहीं, असे नाना प्रकार होतात. कायद्यानें विकणारानें, त्याच राज्यांत, १४ दिवसांच्या आंत कळवावयाचें असतें आणि घेणारानें ३० दिवसांच्या आंत अर्ज करावयाचा असतो. विमा आपल्या नांवें करून घेण्यासाठीं १४ दिवस आहेत. तेव्हां सरळ उपाय हा, कीं प्रथम थोडा इसार द्यावा, पावती घ्यावी, आणि मोठी रक्कम नांव बदलण्याचा अर्ज दाखल होईल त्या दिवशीं मोजावी. ‘एजंट करून देईल, काळजी नको’ या वाक्यावर कोणीहि पूर्ण पैसे देऊं नयेत.

येथें आईबापांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. गिअरच्या मोटार-सायकलचा परवाना, शिकाऊ परवानासुद्धां, १८ वर्षें पूर्ण झाल्याविना मिळत नाहीं. २०१९ सालच्या दुरुस्तीपासून, अल्पवयीन मुलानें परवान्यावांचून गाडी चालवून गुन्हा केला तर पालक अगर मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड अशी आहे, आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. ‘सोसायटीच्या आंतच फिरवील’ या आश्वासनावर सतरा वर्षांच्या मुलासाठीं घेतलेली गाडी सोसायटीच्या आंत राहत नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे.

कागद नीट ठरले म्हणजे मग गाडीजवळ बसावें, आणि पाहणी चाकांपासून सुरू करावी. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत, पण रबर सहा-सात वर्षांचें व भेगाळलेलें, असा टायर पावसांत दगा देतो. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, एकानें मागें दाबून, पुढचें चाक अधांतरीं करावें व हँडल सावकाश एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे फिरवावें. मधोमध तें खांचेंत अडकल्यासारखें झालें तर कोनसेट गेला आहे. खर्च थोडा, पण तशी गाडी सरळ रेषेंत चालत नाहीं आणि नवशिक्या तो दोष आपलाच समजतो. पुढच्या नळ्यांवर तेलाचा ओलावा असेल तर ऑइलसील फाटलें. मग गाडीच्या मागें दहा पावलांवर उकिडवें बसून दोन्ही चाकें एका रेषेंत आहेत काय तें पाहावें. लिव्हरचीं टोकें व पायदान खरचटलेलें असणें हें साध्या पडण्याचें चिन्ह आहे, त्यास भिऊं नये. परंतु चाकें रेषेंत नसतील, किंवा हँडलच्या मानेजवळ नवें वेल्डिंग अगर नवा रंग दिसेल, तर ती गाडी मोठ्या अपघातांतून आलेली आहे. हा हाडांचा दोष असून तो दुरुस्त होत नाहीं.

ब्रेकविषयीं एवढें सांगितलें पाहिजे, कीं १२५ घन सेंटिमीटरवरील नव्या दुचाकींना चाक जाम होऊं न देणारी ए. बी. एस. ही योजना, व त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक मिळून लागण्याची योजना, एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वींच्या स्वस्त गाड्यांत यांपैकीं बहुधा कांहीं नसतें. तेव्हां ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक हळूहळू आवळण्याची संवय हातालाच लावून घ्यावी लागते. पाहणीच्या वेळीं मोकळ्या जागीं, जाणत्या माणसाकडून, दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावून पाहावे. गाडी एका अंगाला ओढतां कामा नये.

इंजिनाबद्दल सर्वांत अधिक बोललें जातें, म्हणून येथें थोडक्यांत. गाडी सुरू करण्यापूर्वीं इंजिनाला हात लावून पाहावा. तें गरम असेल तर विकणारानें पाहुणे येण्याआधींच तें जागें करून ठेविलें आहे. गार झाल्यावर पुनः यावें. गार इंजिन दोन-तीन प्रयत्नांत सुरू व्हावें. निळसर धूर टिकून राहिला तर ऑइल जळत आहे आणि केव्हां तरी इंजिनाचें काम निघणार. पण तेवढ्यावरून गाडी टाकून देण्याचें कारण नाहीं. मेकॅनिकला आंकडा विचारावा व तो किंमतींतून कापावा. किलोमीटरच्या आंकड्यावर विश्वास ठेवूं नये. तो मागें फिरवितां येतो. पायदानाचें झिजलेलें रबर आणि चेन-स्प्रॉकेटचे अणकुचीदार झालेले दांते अधिक खरें बोलतात. ‘डॉक्टरांची गाडी आहे, एकाच हातची’ हें वाक्य पुण्यांत इतक्या गाड्यांविषयीं ऐकूं येतें, कीं तितके डॉक्टर या शहरांत असतील असें वाटत नाहीं.

पैशांचा हिशेबहि आधींच मांडावा. घरांत ३५ हजार रुपये बाजूला काढले असतील तर गाडी ३५ हजारांची पाहूं नये; सत्तावीस-अठ्ठावीसांतच थांबावें. उरलेल्यांतून आय. एस. आय. छापाचें नवें हेल्मेट, लागल्यास टायर, ब्रेक-लायनर, ऑइल, नांव बदलण्याचें शुल्क आणि विमा हीं निघालीं पाहिजेत. त्रयस्थाच्या नुकसानीचा सक्तीचा विमा भारी नाहीं. ७५ ते १५० घन सेंटिमीटरच्या दुचाकीस २०२२ सालीं ठरलेला वार्षिक दर ७१४ रुपये व वर कर असा होता. जुन्या गाडीबरोबर विकणारा हेल्मेटहि देऊं करतो. तें घेऊं नये. तें किती वेळां आपटलें आहे हें वरून दिसत नाहीं.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो व ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येते. तोंवर गाडीच्या पुढें-मागें लाल ‘एल’ अक्षर लावावें लागतें, आणि मागें परवानाधारक शिकविणाऱ्याखेरीज कोणास बसवितां येत नाहीं. मित्रासहि नाहीं. सौदा झालेल्या दिवशीं गाडी घरीं आणावयाची ती काका, मामा अगर शेजारी, ज्यांचा हात बसलेला असेल व परवाना पक्का असेल, त्यांनीं चालवीत आणावी. नवें हेल्मेट घालून नवशिक्यानें त्या दिवशीं मागें बसावें.