बरणीवरची अक्षरं टिकतात कशी?

सुरतहून तापीच्या मुखाकडे गेलं की हजीरा लागतं. १९८०च्या दशकात इथून हजीरा–विजयपूर–जगदीशपूर ही वायुवाहिनी निघाली आणि पुढच्या दशकात रिलायन्सचा पेट्रोरसायन प्रकल्प उभा राहिला. या प्रकल्पातून जो माल बाहेर पडतो त्याला बाजारात नुसतं ‘दाणा’ म्हणतात. ‘रेपोल’ नावाने पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे पीपीचा दाणा, ‘रिलीन’ नावाने पॉलिएथिलीनचा, ‘रेलपेट’ नावाने पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेटचा, म्हणजे पेटचा. असाच दाणा गोणीतून मोल्डिंगवाल्याकडे पोचतो आणि त्याची लोणच्याची बरणी, श्रीखंडाचा डबा, मसाल्याचा जार होतो. मग प्रश्न येतो त्यावर नाव छापण्याचा. लहान उद्योजकाची गाडी इथेच अडते, कारण तो आधी डिझाइन पसंत करतो आणि बरणी कुठल्या दाण्याची आहे हे सर्वांत शेवटी विचारतो. खरं तर विचारायची पहिली गोष्ट तीच.

पीपी किंवा पॉलिएथिलीनच्या कोऱ्या डब्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो पसरत नाही, अळवावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन राहतो. या प्लॅस्टिकचे रेणू कार्बन आणि हायड्रोजनचेच बनलेले असतात. परक्या द्रवाला धरून ठेवेल असं त्यांच्यात काही नसतं. ही पकड ‘डाइन प्रति सेंटिमीटर’मध्ये मोजतात, धंद्यात नुसतं ‘डाइन’ म्हणतात. पीपीची पकड साधारण ३० डाइन असते आणि शाई नीट बसायला निदान ३८ तरी लागते. पेटची मुळातच ४०च्या पुढे असते, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन असतो. म्हणूनच एकाच शाईने छापलेला पेटचा जार वर्षभर चांगला राहतो आणि पीपीच्या डब्यावरची अक्षरं नखाने निघतात.

यावर उपाय आहे ज्योतीचा. छपाईच्या आधी डबा गॅसच्या निळ्या ज्योतीसमोरून क्षणभर फिरवतात. गॅस कमी आणि हवा थोडी जास्त ठेवली की ज्योतीतला ऑक्सिजन प्लॅस्टिकच्या अगदी वरच्या थराशी जोडला जातो. हा बदल काही नॅनोमीटर खोलीपुरताच असतो, डोळ्यांना दिसतही नाही, पण शाईला तेवढं पुरतं. मात्र हा परिणाम कायमचा नाही. डबे गोदामात पडून राहिले तर तो ओसरत जातो. दाण्यात मिसळलेली घसरणीची द्रव्यंही हळूहळू पृष्ठभागावर येतात. त्यामुळे ज्योत दिल्यावर लगेच छापायचं, हा या धंद्यातला न मोडण्याचा नियम. चांगला छापखाना डाइन पेनने रेघ ओढून पाहतो: रेघ अखंड राहिली तर छापा, थेंब थेंब झाली तर पुन्हा ज्योतीकडे.

आता पद्धती. लहान मागणीसाठी सर्वांत भरवशाचं स्क्रीन प्रिंटिंग. सुरतेत उधना-पांडेसऱ्याच्या कारखान्यांत साड्या ज्या तत्त्वावर छापल्या जातात, तेच हे. ताणून बसवलेली पॉलिएस्टरची जाळी, नक्षीपुरती उघडी आणि बाकी बुजवलेली, वरून रबरी पट्टीने शाई दाबायची. फरक इतकाच की साडी सपाट असते आणि बरणी गोल. म्हणून इथे पट्टी स्थिर राहते, स्क्रीन आडवी सरकते आणि तिच्याखाली बरणी त्याच वेगाने फिरते. शाईचा थर जाड बसतो, त्यामुळे गडद जारवर पांढरं अक्षरही ठसठशीत उमटतं. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते आणि दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसावा म्हणून बरणीच्या बुडाला खाच ठेवावी लागते. खाच नसलेल्या साच्याची बरणी घेऊन चार रंगांचं चित्र मागितलं, तर कितीही कुशल कारागीर असला तरी रंग सरकणारच. पेटची मात्र एक वेगळी अडचण आहे: सत्तर-पंचाहत्तर अंशांच्या पुढे तो मऊ पडतो, म्हणून भट्टीत सुकवण्याऐवजी अतिनील प्रकाशात पक्की होणारी शाई वापरतात.

दही-आइस्क्रीमच्या कपांची लाखांची संख्या असते, तिथे ड्राय ऑफसेट. सगळे रंग आधी एका रबरी ब्लँकेटवर जमतात आणि एकाच स्पर्शात कपावर उतरतात. वेग प्रचंड, पण ओले रंग एकमेकांवर चढवता येत नाहीत, म्हणून फोटोसारखं चित्र हवं असेल तर ही पद्धत नको. झाकणाच्या खोलगट भागावर सिलिकॉनच्या गादीने छाप उठवतात, ते पॅड प्रिंटिंग. सोनेरी-रुपेरी नाव हवं तर हॉट फॉइल. बॅच नंबर, तारीख आणि किंमत भरणीच्या वेळी इंकजेटने.

मला सर्वांत पटते ती इन-मोल्ड लेबलिंग. छापलेलं पातळ पीपीचं लेबल रोबो रिकाम्या साच्यात ठेवतो, स्थिर विजेने ते भिंतीला चिकटून राहतं आणि मागून वितळलेलं पीपी आत येतं. लेबल आणि डबा एकजीव होतात. गोंद नाही, ज्योत नाही, तेल लागून सुटण्याची भीती नाही. मात्र साचा आणि यंत्र महाग असल्याने छोट्या मागणीला ती परवडत नाही.

याउलट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवून बरणीवर आवळलेली छापील फिल्म, कमी खर्चात बरणीला नखशिखांत सजवते, म्हणून ती फार खपते. तिथे मात्र सावध राहायला हवं. पुनर्वापराच्या कारखान्यात प्लॅस्टिक पाण्यात टाकून वेगळं करतात: पीपी तरंगतं, पेट बुडतं. पीव्हीसीची स्लीव्हही पेटबरोबर बुडते आणि पुढे तापवताना आम्ल सोडून चांगला पेट पिवळा पाडते. पेटजीची, म्हणजे पेटच्याच एका प्रकाराची स्लीव्हही बुडते आणि कमी तापमानाला वितळून पेटच्या तुकड्यांचे गोळे करते. एका सुंदर आवरणापायी पुन्हा वापरता येणारी बरणी वाया जाते, हे मला मान्य होत नाही.

शाईबद्दल नियम स्पष्ट आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या पॅकेजिंग विनियमांनुसार खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरची शाई आयएस १५४९५ या मानकाप्रमाणे असावी लागते आणि छापलेली बाजू पदार्थाला थेट लागता कामा नये.

तेव्हा ऑर्डर देण्याआधी बरणी उलटी करून बुडाचा त्रिकोण पाहा: १ म्हणजे पेट, २ म्हणजे एचडीपीई (पॉलिएथिलीनचाच प्रकार), ५ म्हणजे पीपी. तो आकडा छापणाऱ्याला सांगा. पाच-दहा नमुने छापून घ्या, त्यांत तुमचंच लोणचं भरा, बाहेरून तेलाचा हात लावा, आठवडाभर ठेवा आणि मग चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. शाई पट्टीबरोबर आली, तर डिझाइन कितीही आवडलेलं असो, ती ऑर्डर देऊ नका.