पाट्या, डबे आणि खिडक्या : रोजच्या संकल्पनाची शाळा

अक्षरे, चित्रे, रंग आणि कोरी जागा यांची मांडणी करून एखादा आशय पाहणाऱ्यापर्यंत पोचवण्याची विद्या, म्हणजेच आज ज्याला सर्रास ग्राफिक डिझाइन म्हटले जाते ते दृश्य संकल्पन, महाराष्ट्रात प्रथम शिकवले गेले ते ‘कमर्शियल आर्ट’ या नावाने. १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १९३५ मध्ये या विषयाचा विभाग निघाला, पुढे त्यातूनच उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली, आणि १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत औद्योगिक संकल्पन केंद्र उभे राहिले तेव्हा ही विद्या अभियांत्रिकीच्या शेजारी येऊन बसली. वर्गात दाखवले जाणारे आदर्श मात्र बराच काळ बाहेरचे राहिले : जर्मनीतील बाउहाउस, स्वित्झर्लंडमधील उभ्या-आडव्या रेषांच्या जाळीवर बेतलेली मांडणी, अमेरिकेतील जाहिराती. त्यांचे महत्त्व कोणी नाकारणार नाही; पण घरून निघून लोकलने कॉलेजात पोचेपर्यंत विद्यार्थ्याच्या नजरेखालून जे शेकडो नमुने जातात, तेही अभ्यासाचे साहित्य आहे, ही जाणीव अभ्यासक्रमात उशिरा आणि अर्धवटच आली. त्या नमुन्यांपैकी काहींचा हा आढावा आहे. असे नमुने पाहताना त्यांच्या रूपावर भाळण्यापेक्षा ते रूप कोणत्या अडचणीतून आले याचा शोध घेतला, तरच त्यांतून काही शिकता येते, असे त्याचे प्रतिपादन आहे.

या दृष्टीला भारतात संस्थात्मक बळ मिळाले ते १९५८ साली. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेले अमेरिकी संकल्पक चार्ल्स आणि रे ईम्स यांनी त्या वर्षी सादर केलेल्या अहवालात संकल्पनाचा आदर्श म्हणून साध्या लोट्याची निवड केली. पाणी किती मावावे, भरलेले भांडे कमरेवर किंवा डोक्यावर कसे पेलावे, ओतताना धार कशी पडावी, तोंड किती रुंद असावे म्हणजे हात घालून घासता येईल, किंमत किती पडावी, अशा कित्येक प्रश्नांची उत्तरे त्या एका आकारात एकवटली आहेत आणि तो आकार कोणा एका कारागिराने नव्हे, तर अनेक पिढ्यांनी घडवला आहे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. या अहवालाच्या प्रेरणेने १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय संकल्पन संस्था स्थापन झाली.

लोटा ही वस्तू झाली. दृश्य संकल्पनात त्याच्या तोडीचे उदाहरण शोधायचे तर ते मुंबईच्या डबेवाल्यांच्या खुणांमध्ये सापडते. १८९० च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवस्थेत डबा घरापासून कचेरीपर्यंत जाताना अनेक हातांतून जातो आणि स्टेशनावर त्याची वर्गवारी करायला फार थोडा वेळ मिळतो. यासाठी झाकणाच्या मध्यभागी ब्रशने मोठा, ठळक आकडा काढलेला असतो, तो डबा ज्या भागात पोचवायचा त्याचा. कडेला लहान अक्षरांत डबा पोचवणाऱ्याचा क्रमांक, इमारतीचे संक्षिप्त नाव आणि मजला असतो. डबा मुळात कोणत्या स्टेशनावरून निघाला हे रंग आणि आकृती यांवरून कळते. संकल्पनशास्त्रात ज्याला माहितीची उतरंड म्हणतात, म्हणजे महत्त्वानुसार मजकुराला लहानमोठा आकार देणे, तिचा हा अस्सल नमुना आहे. फलाटावरच्या गर्दीत वर्गवारी करणाऱ्याला लांबून आणि घाईत वाचायचे असते, म्हणून आकडा मोठा. इमारतीत शिरणाऱ्याला डबा हातात घेऊन वाचायला सवड असते, म्हणून मजल्याची खूण लहान. त्याहून बोलके आहे ते या झाकणावर नसलेले. ग्राहकाचे नाव नाही, घरचा पत्ताही नाही, कारण डबा रोज त्याच घरून उचलणाऱ्या माणसाला तो तोंडपाठ असतो. माहीत असलेले लिहायचे नाही हा नियम पाळल्यामुळे वीतभर झाकणावर एवढा मजकूर सुखाने मावतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये या व्यवस्थेवर अभ्यासलेख काढला तो व्यवस्थापनाच्या अंगाने; संकल्पनाच्या विद्यार्थ्याने तोच विषय एका झाकणापुरता घेतला, तरी त्याला सत्रभराचे काम मिळेल.

रस्त्यावरचे मैलाचे दगडही याच जातीचे आहेत. राष्ट्रीय महामार्गावरील दगडाचा माथा पिवळा आणि राज्य महामार्गावरील हिरवा असल्याने, अक्षरे वाचण्याआधीच धावत्या वाहनातल्या माणसाला आपण कोणत्या दर्जाच्या रस्त्यावर आहोत हे समजते.

डब्याच्या झाकणावर अक्षर केवळ खूण म्हणून येते. दुकानाच्या पाटीवर ते दर्शनी होते आणि तेथे देवनागरी लिपीचे स्वतःचे प्रश्न उभे राहतात. रोमन लिपीतील मोठी अक्षरे दोन रेषांमध्ये बसतात, तर देवनागरीला तीन मजले लागतात : शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि रफार, खाली अक्षराचे अंग, आणि त्याच्याही खाली उकार. पाटी रंगवणारा पेंटर खडू लावलेला दोरा ताणून, त्याला झटका देऊन पत्र्यावर रेषा उमटवतो त्या या मजल्यांच्या. ‘विठ्ठल’ हे नेहमीचे नाव घेतले तरी त्याचे कसब कळते. पहिल्या अक्षराची वेलांटी शिरोरेषेच्या वर चढते आणि ‘ठ्ठ’ हे जोडाक्षर एकाखाली एक रचल्यामुळे तळाकडे उतरते. दोन्ही ठ पूर्ण उंचीचे काढले तर खालचा दुसऱ्या ओळीतल्या मात्रांवर जाऊन आदळतो. म्हणून पेंटर दोन्ही ठ चेपतो, त्यांची पोटे थोडी आडवी करतो आणि शेजारच्या ल ची उंची मात्र पूर्ण ठेवतो, जेणेकरून शब्दाचा तोल ढळू नये. अक्षरातील जाड-बारीक वळणे तिरक्या तासलेल्या बोरूच्या टोकातून आली आहेत आणि चपट्या ब्रशने पेंटर तीच परंपरा पत्र्यावर चालवतो.

जुन्या पाट्यांचे आणखी एक मोल आहे. ल आणि श या अक्षरांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श अशा शब्दांत ती नमूद झाली. युनिकोड या संगणकीय प्रमाणात मात्र दोन्ही वळणांना एकच क्रमांक आहे. त्यामुळे फाँट बनवणाऱ्याने मराठी रूप मुद्दाम घालावे लागते आणि वापरणाऱ्याने भाषा मराठी निवडावी लागते. यांपैकी एक गोष्ट राहिली की पडद्यावर हिंदी वळण उमटते. ज्या विद्यार्थ्याने हाताने रंगवलेल्या पाट्या निरखल्या आहेत, त्याच्या नजरेतून हा फरक सुटत नाही.

फ्लेक्स छपाई स्वस्त झाल्यावर या पाट्या झपाट्याने उतरू लागल्या. २०२२ मध्ये कायद्यात बदल करून दुकानांवर देवनागरीतील मराठी पाटी सक्तीची झाली, मराठी अक्षर अन्य भाषेतील अक्षरापेक्षा लहान नसावे असेही ठरले, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. अक्षराच्या आकाराची तरतूद झाली. अक्षराच्या गुणवत्तेची कायद्याने होऊ शकत नाही, ती संकल्पकाची जबाबदारी आहे.

ती जबाबदारी उचलणारी परंपरा महाराष्ट्रात आहे. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी जाहिरात क्षेत्रातून येऊन पवईच्या केंद्रात अक्षरविद्या शिकवली, आणि विंडोज प्रणालीतून घरोघरी पोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँटही त्यांचाच. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेल्या लेटरिंगमध्ये, म्हणजे प्रत्येक शीर्षकासाठी नव्याने रेखाटलेल्या अक्षरांमध्ये, नाटकाची प्रकृती अक्षराच्या वळणातच दिसे. अच्युत पालव यांनी मोडीच्या अभ्यासातून सुलेखनाला वेगळी गती दिली. २०१३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘एक टाइप’ या गटाच्या ‘मोदक’ फाँटमध्ये अक्षरे इतकी फुगीर आहेत की त्यांच्या पोटातील पोकळ्या केवळ चिरेसारख्या उरतात, तरीही शब्द वाचता येतो. दिल्लीत हनीफ कुरेशी (निधन २०२४) यांनी रस्त्यावरच्या पेंटरांच्या अक्षरांचे फाँट करून ते त्या पेंटरांच्याच नावाने प्रसिद्ध केले.

प्रस्तुत लेख ज्या प्रकारच्या प्रकाशनात छापला जात आहे तो दिवाळी अंकही या शोधयात्रेतील एक मुक्कामच आहे. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये ही प्रथा घातली; दीनानाथ दलाल यांनी १९४५ पासून ‘दीपावली’तून मुखपृष्ठाला चित्रकलेचा दर्जा दिला; आणि मधुकर पाटकर यांच्या १९५१ साली निघालेल्या ‘आवाज’ने खिडकीचित्र लोकप्रिय केले. खिडकीचित्रात पानाला भोक पाडून मागच्या पानावरील चित्राचा तेवढाच तुकडा दाखवतात. त्यावरून वाचक मनात भलताच प्रसंग रचतो आणि पान उलटल्यावर साधीसुधी गोष्ट निघून त्याची फजिती होते. चित्राचा कोणता भाग झाकला असता अर्थ बदलतो, हा संकल्पनातला पायाभूत धडा मराठी घरांनी हसत हसत गिरवला आहे.

प्रेरणा घेण्यात धोकाही आहे. वारली चित्रांतील लग्नाचा चौक हा विधीचा भाग आहे. तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर तो काढतात आणि त्यात पालघाट देवीची प्रतिष्ठा असते. तोच चौक कपबशीवर छापला की आकृती उरते, कारण नाहीसे होते. पाटीवरच्या अक्षरांची सावली, ट्रकमागची फुले, काडेपेटीवरचा वाघ यांचीही ‘देशी’ सजावट म्हणून अशीच उचल होते. याउलट डब्याच्या झाकणावरून ज्याने वगळण्याची शिस्त घेतली, तो रुग्णालयातील दिशादर्शक फलक करताना ती वापरू शकतो आणि त्या फलकावर डबेवाल्याची एकही खूण असावी लागत नाही. उसनवारी आणि अभ्यास यांच्यातला फरक एवढाच आहे.

अनेक रंगवलेल्या पाट्यांच्या खालच्या कोपऱ्यात पेंटरने बारीक अक्षरांत आपले नाव घातलेले असते, आणि विद्यार्थी पाटीचे छायाचित्र काढतो तेव्हा चौकट नीट दिसावी म्हणून बहुधा तोच कोपरा कापला जातो. या दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी बाजारपेठेतील पाट्या टिपाव्यात, मात्र कोपऱ्यासकट. आणि छायाचित्राखाली गाव, तारीख व पेंटरचे नाव लिहून ठेवावे.