मास्टर चुकला की हजार सीडी चुकल्या

नाशिक जिल्हा हा जलशांचा आणि गायन पार्ट्यांचा जिल्हा. जलसाकार भीमराव कर्डक याच जिल्ह्यातले. आंबेडकरी जलशांवर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९७८ साली छापून आले. वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत झाला. १५ मे २००४ रोजी ते आपल्यातून गेले. त्यांच्या बरोबरीने आणि त्यांच्या मागून कितीतरी गायक गावोगाव गात राहिले. त्यांतल्या बहुतेकांची गाणी कोणत्याही कंपनीने काढली नाहीत. जयंतीच्या मंडपात कोणीतरी टेपरेकॉर्डर ठेवला आणि कॅसेट भरून घेतली, तेवढाच त्यांचा आवाज शिल्लक आहे. तो आज घराघरांत ट्रंकेत किंवा माळ्यावर पडून आहे.

अशा कॅसेटींवरून सीडी काढावी असे पुष्कळ घरांना आणि मंडळांना वाटते. आता सीडी प्लेअर थोड्याच घरांत उरला आहे, गाणी मोबाईलवर ऐकली जातात. तरीही सीडीसाठी जो नीट ‘मास्टर’ तयार होतो, त्याच्यावरूनच पेनड्राईव्हची आणि मोबाईलची प्रतही काढता येते. म्हणून मास्टर म्हणजे काय आणि तो कसा करावा, हे समजून घेऊ या.

कारखान्यात काय होते?

फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून सीडीचे नियम ठरवले आणि १९८२ साली ती बाजारात आली. सीडीवर आवाज आकड्यांच्या रूपात असतो. एका सेकंदात आवाजाची ४४,१०० वेळा मोजणी होते, तीही डाव्या आणि उजव्या बाजूची वेगवेगळी.

कारखान्यात आपल्या मास्टरवरून आधी काचेची चकती करतात. काचेवर प्रकाशाने बदलणारा लेप असतो. लेसरचा किरण त्या लेपावर बारीक खुणा करतो, आणि लेप धुतला की त्या जागी खड्डे उरतात. त्यावर निकेल चढवून ठसा काढतात. त्या ठशावर वितळलेले पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक दाबले की चकती तयार होते. मग तिच्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर, वर लॅकरचे कवच आणि शेवटी छपाई.

यात गाणे ऐकून दुरुस्त करणारा कोणी नसतो. कारखाना तुम्ही दिले तेच छापतो. गाण्याचे पहिले अक्षर तुटलेले असेल, तर हजार सीडींवर ते तुटलेलेच येईल. दुरुस्तीची शेवटची जागा म्हणजे मास्टर.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. कारखान्याचे काम संख्या मोठी असेल तरच परवडते. पन्नास-शंभर प्रती हव्या असतील, तर कॉम्प्युटरवर लिहिलेल्या सीडी पुरतात. मास्टर मात्र दोन्हीसाठी तितकाच चांगला लागतो.

कॅसेटीवरून आवाज उतरवताना

कॅसेट बरीच वर्षे वाजवली नसेल, तर लगेच वाजवू नका. फीत चिकटली आहे का, बुरशी आली आहे का, ते पाहा. बुरशी असेल तर ती जाणकाराकडेच द्या. फीत चांगली असेल तर एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवून घ्या. प्लेअरचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. आवाज दबलेला वाटला तर हेड जरा वाकडे बसलेले असू शकते. त्याचा बारीक स्क्रू दुरुस्ती करणारा कानाने ऐकून फिरवतो आणि आवाज उघडतो.

प्लेअरची लाईन आऊटची वायर कॉम्प्युटरच्या लाईन इनमध्ये लावा. माईकच्या भोकात लावली तर आवाज फाटतो. नोंद २४ बिटमध्ये घ्या, सीडीसाठी ती शेवटी १६ बिट करता येते. आवाजाची पातळी शून्याच्या बरीच खाली ठेवा. टेपवर काटा थोडा लाल रेषेपलीकडे गेला तरी चालत असे. कॉम्प्युटरमध्ये शून्य हे छत आहे. त्याला आवाज आपटला की तो तुटतो आणि पुन्हा जुळत नाही.

ही पहिली नोंद तशीच्या तशी वेगळी जपून ठेवा. साफसफाई नेहमी तिच्या प्रतीवर करा. टेपची खरखर काढण्याचा मोह आवरा. खरखर फार काढली तर तिच्याबरोबर झांजेची किणकिण आणि ढोलकीच्या थापेची धारही जाते. थोडी खरखर राहिली तरी चालेल, पण गायक खरा वाटला पाहिजे.

मास्टर लिहिताना

सीडीत आधी ७४ मिनिटे बसत, पुढे ८० मिनिटांच्या सीडी आल्या. म्हणजे ९० मिनिटांची कॅसेट एका सीडीत मावत नाही. काय ठेवायचे ते आधी ठरवा. एका सीडीवर जास्तीत जास्त ९९ गाणी बसतात, त्यामुळे प्रत्येक गाण्याला आणि गाण्यांमधल्या भाषणाला वेगळा क्रमांक देता येतो. गाण्याची खूण पहिल्या आवाजाच्या किंचित आधी ठेवा, नाहीतर काही प्लेअर पहिला शब्द गिळतात. दोन गाण्यांमध्ये साधारण दोन सेकंद शांतता ठेवतात. पण जलशात टाळ्या चालू असताना पुढचे गाणे सुरू झाले असेल, तर मध्ये शांतता घालू नका. कार्यक्रमाचा जिवंतपणा त्या टाळ्यांत आहे.

कोऱ्या सीडीवर मास्टर लिहायचा तर ‘डिस्क ॲट वन्स’ म्हणजे एका दमात लिहा. गाण्यागणिक थांबत लिहिले की प्रत्येक थांब्यावर लेसर बंद होतो आणि तिथे चूक पडते. चकतीला कडेनेच धरा, तिच्यावर कागदी लेबल चिकटवू नका. दोन प्रती काढा, एक पाठवा, एक घरी ठेवा. सोबत गाण्यांचा क्रम आणि प्रत्येकाची वेळ लिहिलेला कागद द्या. अलीकडे ‘डीडीपी’ नावाच्या फायलीही पाठवतात. प्रत वाटेत बिघडली का, हे त्यात तपासता येते.

पाठवण्याआधी पूर्ण सीडी साध्या प्लेअरवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. हे काम एकट्याने करू नका. त्या कार्यक्रमाला हजर असलेल्या जुन्या माणसांना बोलवा.

नावे राहिली तर?

जुन्या माणसांना बोलवण्याचे मुख्य कारण हेच. ढोलकीवर कोण होते? पेटी कोणी वाजवली? कोरसमध्ये कोणत्या बाया गात होत्या? कॅसेटीच्या कागदावर बहुतेक वेळा फक्त मुख्य गायकाचे नाव असते, कधी तेही नसते. आज आवाज ओळखणारी एखादी आजी वस्तीत आहे. उद्या ती नसली, तर ती नावे कोणत्याही यंत्राला सापडणार नाहीत.

सीडीत गाण्याची नावे भरण्याची ‘सीडी टेक्स्ट’ नावाची सोय आहे, पण तिच्या नियमांत देवनागरी नाही. म्हणून सर्वांची नावे आतल्या कागदावर मराठीत छापाच. गीतकार, गायक, वादक, कोरस, गाव आणि वर्ष, सगळे.

नाशिकजवळच्या त्रिरश्मी लेण्यांकडे पाहा. क्रमांक १८ च्या चैत्यगृहावर धंभिक गावाच्या दानाचा लेख आहे. क्रमांक १० च्या लेण्यात गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण ठेवल्याची नोंद आहे. दगडात कोरले म्हणून साध्या गावाचे आणि विणकरांचे नाव सुमारे दोन हजार वर्षे टिकले. आपल्या वादकांची आणि कोरसमधल्या बायांची नावे निदान कागदावर तरी उतरली पाहिजेत.

परवानगीही विसरू नका. भारतातल्या कायद्याने गीतकाराचा हक्क त्याच्या निधनानंतरही ६० वर्षे राहतो. म्हणजे वामनदादांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. कंपनीच्या कॅसेटीवरच्या ध्वनिमुद्रणाचा हक्कही ती प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षांचा असतो. ती आपण विकत घेतली म्हणून तिच्या सीडी काढून विकता येत नाहीत. घरी भरलेली कॅसेट असली तरी गीतकाराच्या आणि गायकांच्या कुटुंबीयांना भेटा आणि लेखी संमती घ्या. विक्रीतून पैसे आले तर त्यांचा वाटा त्यांना द्या. ज्यांनी उपाशीपोटी गाऊन समाज जागा केला, त्यांच्या मुलाबाळांना त्यांचे गाणे दुसऱ्याच्या नावावर ऐकावे लागू नये.

काम झाल्यावर पहिली नोंद आणि मास्टर तीन ठिकाणी ठेवा. एक प्रत घरात, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे आणि एक विहाराच्या ग्रंथालयात. कोरी सीडी उन्हात खराब होते, म्हणून ती अंधारात, कोरड्या जागी ठेवा. मूळ कॅसेट मात्र फेकू नका. पुढे कोणाकडे अधिक चांगले यंत्र आले, तर तिच्यातूनच आवाज पुन्हा काढता येईल.