कॅमलचं पहिलं सॅम्पल: आधी चालवा, मग मोडा, मगच दुकानात आणा

इंटिग्रेशनवरच्या व्हिडिओमध्ये स्क्रीनवर भरभर जे गेलं, ते इथे निवांत लिहून देतो. लॅपटॉप शेजारी ठेवूनच वाचा.

आधी प्रश्न समजून घेऊ. वेबसाइटवर ऑर्डर येते एका सॉफ्टवेअरमध्ये, बिल होतं दुसऱ्यात, स्टॉकचा हिशोब तिसऱ्यात. ही तिन्ही एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून मध्ये एक माणूस बसून एकीकडची माहिती दुसरीकडे टाइप करतो. तो ज्या दिवशी सुट्टीवर, त्या दिवशी घोळ. या माणसाचं काम करणारं सॉफ्टवेअर म्हणजे इंटिग्रेशन. जावामध्ये यासाठी अपाचे कॅमल हे मोफत, ओपन सोर्स साधन 2007 पासून आहे. खरं तर कॅमल स्वतः सर्व्हर नाही, ती लायब्ररी आहे. ती स्प्रिंग बूटमध्ये चालते, कराफसारख्या सर्व्हरमध्ये चालते आणि एकटीही चालते. शिकताना एकटीच चालवायची.

तयारी

कॅमलच्या 4 मालिकेला जावा 17 किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. सोबत मावेन टाका. दोन्हींची आवृत्ती कमांड विंडोमध्ये दिसली की पुढे जा. पहिल्या वेळी मावेन बऱ्याच फाइल्स डाउनलोड करतो, म्हणून नेट चालू ठेवा आणि घाबरून विंडो बंद करू नका.

आता मावेनला 'आर्केटाइप जनरेट' ही कमांड द्या आणि साचा म्हणून 'कॅमल-आर्केटाइप-जावा' निवडा. ग्रुप आयडी, आर्टिफॅक्ट आयडी असं काही विचारेल. मनाला येईल ते छोटं नाव द्या. झालं, चालणारा प्रोजेक्ट तयार! फोल्डरमध्ये जाऊन आधी कंपाइल करा, मग 'कॅमल रन'.

काय घडलं?

प्रोजेक्टच्या 'डेटा' फोल्डरमध्ये माणसांची माहिती असलेल्या दोन एक्सएमएल फाइल्स आधीच ठेवलेल्या असतात. एकाचं शहर लंडन, दुसऱ्याचं टँपा. कॅमल प्रत्येक फाइल उघडतो आणि शहर पाहतो. लंडन असेल तर फाइल 'यूके' फोल्डरमध्ये, नाहीतर 'अदर्स'मध्ये. हे दोन्ही फोल्डर 'टार्गेट'च्या आत तयार होतात. लॉगमध्ये दोन ओळी दिसल्या म्हणजे काम झालं. थांबवायला कंट्रोल आणि सी.

हे सगळं 'माय राउट बिल्डर' नावाच्या जावा फाइलमधल्या मोजक्या ओळींत आहे: कुठून घ्यायचं, काय तपासायचं, कुठे द्यायचं. मजकूर बघून वाट ठरवायच्या या पद्धतीला कंटेंट बेस्ड राउटर म्हणतात. ग्रेगर होप आणि बॉबी वुल्फ यांनी 2003 च्या पुस्तकात अशा पद्धतींची नावं पक्की केली आणि कॅमल त्यांच्यावरच उभा आहे.

आता मोडून बघा

इथे बरेच जण 'चाललं!' म्हणून थांबतात. सॅम्पल चाललं म्हणजे ते बनवणाऱ्याला कॅमल येतो एवढंच सिद्ध झालं. आपल्याला येतो का, हे मोडल्यावर कळतं. एका वेळी एकच गोष्ट बदला.

1. कोडमध्ये लंडनच्या जागी इंग्रजीत पुणे लिहा, पहिलं अक्षर मोठं. मग एका फाइलमध्ये तेच शहर सगळ्या लहान अक्षरांत लिहा आणि चालवा. फाइल 'अदर्स'मध्ये जाईल. आपल्याला पुणे एकच, कॅमलला दोन वेगळी. म्हणून 'नाहीतर'ची वाट कधीही काढून टाकू नका. गिऱ्हाईक काय टाइप करेल याचा नेम नाही.

2. प्रोग्राम चालू असताना त्याच फाइलमधलं शहर बदलून सेव्ह करा. काहीच होणार नाही! कारण फोल्डरच्या पत्त्यापुढे 'नोऑप' हा पर्याय चालू आहे. म्हणजे फाइल वाचून जागच्या जागी ठेवायची आणि त्या नावाची फाइल वाचली हे लक्षात ठेवायचं. नाव तेच, म्हणून कॅमल ती पुन्हा उघडत नाही.

3. बंद करून पुन्हा सुरू करा. आता दोन्ही फाइल्स परत वाचल्या जातात, कारण ती आठवण फक्त मेमरीत होती. फोल्डर बघून हे कळत नाही, तिथे त्याच नावाची फाइल वर लिहिली जाते. लॉग बघितला तरच कळतं.

दुकानात आणण्याआधी

हा तिसरा प्रयोग नीट समजून घ्या. पुढे फोल्डरऐवजी बिलिंग सॉफ्टवेअर जोडलेलं असतं तर? दुपारी लाइट गेली, कॉम्प्युटर परत सुरू झाला आणि सकाळच्या प्रत्येक ऑर्डरचं दुसरं बिल तयार. जीएसटीच्या हिशोबात ते निस्तरत बसायचं कोणी? सॅम्पल शिकवण्यासाठी असतं, त्यातल्या सोयी धंद्यासाठी नसतात. म्हणून एवढं बदला:

- 'नोऑप' काढा. मग वाचून झालेली फाइल आपोआप 'डॉट कॅमल' या उपफोल्डरमध्ये जाते.
- 'मूव्ह फेल्ड' पर्याय देऊन अडकलेल्या फाइल्ससाठी वेगळा फोल्डर ठेवा. नाहीतर बिघडलेली फाइल तिथेच पडून राहते आणि कॅमल ती पुन्हा पुन्हा वाचत राहतो.
- 'रीड लॉक'ला 'चेंज्ड' द्या. मुळात कुठलंच लॉक नसतं, त्यामुळे अजून कॉपी होत असलेली अर्धी फाइलही उचलली जाऊ शकते.
- आउटपुट 'टार्गेट'मध्ये ठेवू नका. मावेनची 'क्लीन' कमांड तो अख्खा फोल्डर पुसते.
- प्रत्येक फाइलच्या नावात तारीख आणि ऑर्डर नंबर असू द्या. नाव सारखं आलं की नवी फाइल जुनीवर बसते.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या पाच जुन्या ऑर्डरींच्या कॉपी घ्या, गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर बदला आणि त्या या राउटमधून सोडा. मध्येच मुद्दाम प्रोग्राम बंद करून परत सुरू करा. पाच आत गेल्या तर पाचच बाहेर आल्या पाहिजेत. लॉगमध्ये मोजा. सहा दिसल्या तर अजून दुकानाला हात लावू नका.